घाडीकाकांचे बाराशे मीटर

धावण्याबद्दल लोक फार गोड बोलतात. पहाटेची शांतता, मोकळी हवा, स्वतःशी संवाद वगैरे. हे ज्यांना सुचतं त्यांना एकदा ओमानमधल्या दुक्मला आणून सोडलं पाहिजे. इथे पहाटे समुद्रावरून दमट वारा येतो आणि बनियन अंगाला चिकटवतो, दुपारी वाळवंटाकडचा वारा येतो आणि दातांत वाळू भरतो. चारपदरी रस्ते आहेत, दिव्यांचे खांब आहेत, मोठमोठे गोल चौक आहेत, फक्त रस्त्यावर माणूस नाही. एखादा उंट आडवा आला तरी बरं वाटतं. मी इथे एका कंत्राटी कंपनीत क्यूसी इंजिनियर आहे. म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम बरोबर आहे की नाही ते तपासायचं आणि खाली सही करायची. एवढं लिहितानाच माझं डोकं तापायला लागलंय, पण त्याचं कारण पुढे येईल.

तर मधु घाडी. वय एक्कावन्न, गाव देवगड तालुक्यात, धंदा सर्व्हेयर. कॅम्पमध्ये त्यांची खोली माझ्या शेजारची. ओमानमध्ये येऊन सव्वीस वर्षं झाली. इब्रीच्या रस्त्यापासून सुरुवात केली, मग जिथे काम निघालं तिथे गेले. मी त्यांना काका म्हणतो. टोपीच्या रेषेपर्यंत चेहरा काळा, वर कपाळ गोरं, आणि यंत्रातून बघून बघून डावा डोळा कायम अर्धा मिटलेला. मेसपासून खोलीपर्यंत किती पावलं, हे त्यांना विचारायचं नाही, कारण ते सांगतात.

गेल्या ऑगस्टमध्ये कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्यांचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टरने गोळी दिली आणि रोज चाला म्हणाला. काका कॅम्पच्या कुंपणाच्या आतून चालायला लागले. कुंपणाची एक फेरी आठशे चाळीस मीटर, हे पहिल्याच दिवशी टेप लावून ठरवलं. दुसऱ्या आठवड्यात चालायचा कंटाळा आला म्हणून पळाले. पायांत कामावरचे सेफ्टी शूज. पुढे लोखंडी टोपी असलेले, एकेक सव्वा किलोचे. चौथ्या दिवशी दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली.

मी खूप ओरडलो. मला ओरडायला आवडतं, हे कॅम्पमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

"अहो काका, ह्या बुटांत कोणी पळतं का? गुडघे कामातून जातील!"

"पायात काय आसा तां घालून पळालंय," ते म्हणाले. "माका काय दुकान आसा?"

शेवटी साकिबने बूट आणले. साकिब सर्व्हेच्या पिकअपचा पाकिस्तानी ड्रायव्हर, काकांबरोबर नऊ वर्षं आहे. गाडीच्या कामासाठी निझव्याला गेला होता, तिथून एक नंबर मोठे बूट घेऊन आला. काका कुरकुरले, तर म्हणाला, "चाचा, पाँव सूजेगा तब दुआ दोगे."

सप्टेंबरमध्ये नोटीस लागली. जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी आमची कंपनी इथल्या औद्योगिक झोनमधल्या कामगारांसाठी मॅरेथॉन भरवणार. पाच, दहा, एकवीस आणि बेचाळीस किलोमीटर. ह्या सगळ्या तमाशाचा प्रमुख अजिंक्य सबनीस, आमचा अ‍ॅडमिन मॅनेजर, मुंबईचा. गोरा, घडीचा शर्ट, कुणाच्याही खांद्यावर हात ठेवून बोलायची सवय. त्याच्या टेबलावर आमच्या रजा, आमच्या बदल्या, आमच्या खोल्या, सगळं असतं. काका फॉर्म घेऊन गेले, मी बरोबर होतो.

सबनीस फॉर्म वाचून हसला. "फुल? अहो घाडी, पाच करा ना. टी-शर्ट सगळ्यांना सेमच आहे!"

काकांनी फॉर्म टेबलावर ठेवला आणि त्यावर हात तसाच दाबून उभे राहिले. सबनीसला तो घ्यावा लागला.

मी इंटरनेटवरून अठरा आठवड्यांचं वेळापत्रक काढून दिलं. काकांनी ते त्यांच्या फील्डबुकात रकाने आखून उतरवलं. तारीख, अंतर, वेळ, वारा, शेरा. फोनमधल्या अ‍ॅपवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "फोन आकाशाक विचारता," म्हणायचे, "मी जमिनीक विचारतंय." मग त्यांनी समुद्राकडच्या रस्त्यावर स्वतः यंत्र लावून दर किलोमीटरला रस्त्याच्या कडेवर गुलाबी ठिपके मारले आणि त्या ठिपक्यांवर सराव केला. शुक्रवारी लांब पळायचं, साकिब पिकअप घेऊन मागे. टपात बर्फ, बाटलीत पाणी, मीठ, साखर आणि कोकमाचं आगळ. बाजारातली रंगीत पाकिटं मी आणून दिली होती, ती साकिबने संपवली.

हा सराव मी पाहिलाय, म्हणून सांगतो. त्यात शांती-बिंती काही नव्हती. पहिल्या दहा किलोमीटरला काका ओकले. नोव्हेंबरात एकवीस केले तेव्हा जांघा सोलवटून निघाल्या, दोन दिवस ते फेंगडे चालत साइटवर फिरले आणि पोरं हसली. डिसेंबरात बत्तीस करायचे होते. सत्ताविसाव्या ठिपक्याला पोटरीत गोळा आला आणि ते रस्त्याच्या कडेला बसले. साकिबने गाडीचं दार उघडलं.

"गाडीत बसलंय तर वहीत काय लिहू?" काका म्हणाले आणि उठले. उरलेलं अंतर चालले. वहीत शेरा लिहिला: पाच कि.मी. चाल. माझ्यासारखा असता तर बत्तीस लिहून मोकळा झाला असता.

त्या दिवशी मी वैतागून विचारलं, "काका, कशासाठी चाललंय हे? प्रेशर तर कधीच उतरलं. आता पुरे की!"

ते पायाला तेल चोळत होते. बाटलीचं बूच लावलं. मग म्हणाले, "क्षितिज, सव्वीस वर्षां मी बायलेक, नूतनाक, फोनवर खोटां सांगतंय. जेवलंय म्हणतंय, जेवूक नसतंय. एसी चालू आसा म्हणतंय, तो बंद. बरो आसंय म्हणतंय. प्रेशरचां अजून सांगूक नाय. ती पण तिकडून तसांच सांगता, माका कळता. नूतनाक म्हटलंय, जानेवारीत बेचाळीस किलोमीटर धावतलंय. ह्यां एक तरी खरां सांगूचां आसा. खरां म्हणजे पुरां."

माझी बायको पूर्वा आणि चार वर्षांची मुलगी पुण्यात आहेत आणि मीही दर संध्याकाळी त्यांना मस्त चाललंय म्हणतो. आखातातल्या प्रत्येक माणसाचा फोन असाच असतो.

डिसेंबरच्या शेवटी शर्यतीचा रस्ता मोजायचं काम कंपनीने काकांनाच दिलं. हॉटेलसमोरच्या कमानीपासून सुटायचं, किनाऱ्याच्या रस्त्याने जायचं, लांबच्या गोल चौकाला वळसा घालून त्याच रस्त्याने परत. काकांनी तीन दिवस घालवले. दोनदा मोजलं, दोन मोजण्यांत सव्वा मीटरचा फरक आला, त्याचीही त्यांना चुटपुट लागली. नकाशा, आकडे, खाली सर्व्हेयरची सही. शेजारी क्यूसीची, म्हणजे माझी. ती सही मी ऐटीत केली.

शर्यतीला बारा दिवस राहिले आणि त्या गोल चौकाच्या अलीकडे पाइपलाइनचं खोदकाम निघालं. रस्ता बंद. सबनीसने वळण सहाशे मीटर अलीकडे ओढलं आणि विषय संपवला. जाताना सहाशे, येताना सहाशे. बाराशे मीटर गेले.

काका मीटिंगला कागद घेऊन आले. उपाय साधा होता. सुरुवातीची कमान हॉटेलच्या मागे, ट्रेलर उभे असतात त्या मैदानाच्या टोकाला न्यायची. बाराशे मीटर भरून निघतात.

"आणि पाहुण्यांचा मांडव?" सबनीस म्हणाला. "फोटोत मागे समुद्र हवा की ट्रेलर?"

"साहेब, फोटो फिनिशाक घेवा. स्टार्ट मागे गेलो तर काय होता?"

"घाडी, इट्स अ फन इव्हेंट. बेचाळीस माणसंसुद्धा नाहीत फुलला, एक्केचाळीस आहेत. बाराशे मीटरने कुणाचं काय आभाळ कोसळतंय? मेडल छापून आलीत. खलास, यल्ला, पुढचा विषय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ह्याच कंपनीत एका बोल्टखाली वॉशर कमी पडला तर आम्ही काम थांबवतो. बारा मिलिमीटरसाठी मी वेल्डरांना उन्हात उभं करून झापलंय. आणि इथे बाराशे मीटर हवेत गेले तर पुढचा विषय! काका माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं असतं तर मीटिंगमधली निम्मी माणसं तरी माझ्या बाजूने बोलली असती. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल सोलत बसलो.

कारण माझा मस्कतला बदलीचा अर्ज सबनीसच्या टेबलावर होता. मस्कतला खोलीऐवजी घर मिळतं, पूर्वाला आणि पोरीला आणता येतं. दोन वर्षं मी त्याची वाट बघत होतो.

काकांनी नव्या कागदावर सही करायला नकार दिला. "एकेचाळीस पण भरणत नाय. मी बेचाळीस लिवूचंय नाय." मग सबनीसने काय केलं? जुना कागद घेतला, त्यावरची काकांची सही तशीच ठेवली, वरचा नकाशा बदलला, कोपऱ्यात सुधारित आवृत्ती असं टाकलं आणि सुधारित कागदाला क्यूसीची नवी सही लागते म्हणून मला बोलावलं. "क्षितिज, फॉर्मॅलिटी आहे रे. आणि हो, तुझं मस्कतचं बघतोय मी."

मी वाचलं. मला दिसलं. खाली काकांची सही, जी त्यांनी ह्या रस्त्यासाठी केलीच नव्हती. मी शेजारी सही केली. अर्धं मिनिटही लागलं नाही. बाहेर येऊन मी एका हेल्परवर हेल्मेट नीट घातलं नाही म्हणून इतका ओरडलो की तो बिचारा पांढरा पडला.

दुसऱ्या दिवशी तो कागद मेसबाहेरच्या बोर्डावर लागला. काका त्याच्यासमोर उभे राहिले, डावा डोळा मिटून, बराच वेळ. मी लांबून पाहत होतो. मला वाटलं आता येतील आणि माझ्या थोबाडीत मारतील. मारायला हवी होती. ते सबनीसकडे गेले, लेखी दिलं की ही सही ह्या रस्त्याची नाही. सबनीसने कागद ठेवून घेतला. बोर्डावरचा तसाच राहिला.

तुम्ही म्हणाल, काकांनी कॅम्पभर बोंब का नाही मारली? मीही हेच म्हणायचो, मनातल्या मनात, म्हणजे दोष त्यांच्यावर ढकलता येतो. पण साइटवर एक पद्धत असते आणि काका सव्वीस वर्षं त्या पद्धतीने जगलेत. सर्व्हेयर आकडा देतो. काम पास की नापास, हे क्यूसी सांगतो. दुसऱ्याच्या रकान्यात सर्व्हेयर लिहीत नाही. त्यांनी आकडा दिला होता, लेखी दिला होता, आणि माझ्या रकान्यात मी काय लिहिलं ते बोर्डावर लागलं होतं.

नंतरचे दहा दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. लेव्हल दे, कागद दे. शेजारच्या खोलीतून पायाला तेल चोळल्याचा आवाज यायचा.

शर्यतीच्या सकाळी सहाला एक्केचाळीस जण सुटले. माझी ड्युटी फिनिशवर, सुती पट्ट्यांत ओवलेली मेडलं गळ्यात घालायची. मेडलावर ठसठशीत बेचाळीस पूर्णांक एकशे पंच्याण्णव. पहिला आला तो एक केनियन सुरक्षारक्षक, घड्याळ बघून स्वतःच चकित झाला, एवढा वेगात आपण कसे आलो म्हणून. मी त्याच्या गळ्यात मेडल घातलं आणि अभिनंदन केलं. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक जण फोन काढून घरी फोटो पाठवत होता, बेचाळीस, बेचाळीस. मी प्रत्येकाला हसून हात मिळवला. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं.

अकरा वाजले. जुम्म्याच्या नमाजाआधी आवरायचं म्हणून मांडव उतरवायला सुरुवात झाली होती. अकरा वाजून पाच मिनिटांनी काका दिसले. शेवटून दुसरे. मान एका बाजूला कललेली, एक पाय ओढत, पण पळत. मागे साकिबची पिकअप. सबनीसने माईक घेतला, "अँड हिअर कम्स अवर ओन घाडी!" लोक टाळ्या वाजवायला लागले. मी मेडल हातात धरून पुढे झालो.

काका कमानीखालून आले आणि माझ्या बाजूने निघून गेले. थांबले नाहीत.

"घाडी, हो गया! फिनिश इधर है!" सबनीस माईकवर हसला. लोकही हसले. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला ऊन लागलंय. दोघेतिघे मोबाइलवर शूटिंग करायला लागले. काका सरळ रस्त्याने पळत राहिले. मला माहीत होतं ते कुठे चाललेत. तिथे जमलेल्यांत मला एकट्यालाच माहीत होतं.

मी मेडलांची पेटी जमिनीवर टाकली आणि त्यांच्या मागे धावलो. तीनशे मीटरमध्ये मला धाप लागली. ते माझ्याकडे न बघता पळत होते, तोंडाने आकडे मोजत होते. रस्ता वळून गोदामांच्या मागे गेला, माईकचा आवाज बंद झाला. एका दिव्याच्या खांबापाशी डांबरावर खडूची रेघ होती. काकांनी ती ओलांडली, दोन पावलं पुढे गेले आणि रस्त्याच्या कडेवर बसले. साकिबने आगळाची बाटली दिली. अर्धी तोंडात गेली, अर्धी गळ्यावर सांडली.

"झाले, काका," मी म्हणालो. "पुरे झाले."

"खंयसून कळला तुका? काल सांजेक मी रेघ मारलंय. चुकलेली आसात तर? गाडीत चाक आसा. मोज."

"मोजायची काय गरज आहे? तुम्ही मारलेली रेघ..."

"असांच म्हणून सही केलंस मां?"

साकिब दुसरीकडे बघायला लागला. मी गाडीतून मोजायचं चाक काढलं, शून्यावर आणलं आणि खडूच्या रेघेवर ठेवलं. मग ते ढकलत सगळा रस्ता परत कमानीपर्यंत चालत गेलो. लोक अजून होते. सबनीसने विचारलं, "क्षितिज, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "माझं काम." आवाज मोठा आला, पण तो बारा दिवस उशिरा आला होता. चाकावर बाराशे दोन मीटर भरले. साकिब मला घ्यायला आला, आम्ही गाडीने परतलो.

"बाराशे दोन," मी काकांना सांगितलं.

"दोन जास्ती चलतत." त्यांनी फोन काढून घरी लावला आणि आवाज मोठा केला. "नूतना, धावलंय गो. नाय, बरो नाय आसंय. पाय मेल्यासारखे झालेत, उठाक येणा नाय. होय, पुरे. थांब, क्षितिज सांगतलो. तो क्यूसी आसा."

फोन माझ्या हातात आला. मी काकूंना कधी भेटलेलो नाही. मी म्हटलं, "काकू, बेचाळीस किलोमीटर, एकशे सत्त्याण्णव मीटर. मी मोजलंय."

पलीकडे त्या हसल्या, मग नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "सगळेच धावले मां इतके? किती जण होते?"

"एक्केचाळीस. पण बाकीचे चाळीस जण एवढे नाही धावले, काकू. त्यांचा रस्ता बाराशे मीटर कमी होता."

"अगे बाय माझे! मगे त्यांका कोणी सांगूक नाय?"

"नाही."

"कोणी सांगूचां होतां तां?"

काका बूट काढत होते. मोज्याला रक्त लागलं होतं. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहत राहिले.

"मी," मी म्हणालो. "मी सांगायचं होतं, काकू."